अमेरिकेतली नोकरशाही: जाब विचारायचा कोणी आणि कसा?

कृष्णाकाठ

अमेरिकेच्या केंद्र सरकारात सैन्य आणि टपाल खातं सोडून वीस लाखांहून जास्त माणसं काम करतात. त्यातल्या सुमारे चार हजार जागा राजकीय नेमणुकीच्या. बाकीचे कोणाच्या मतावर निवडून आलेले नाहीत. तरी एखादं औषध बाजारात यावं का, विमान उडण्यालायक आहे का, कोणाचा व्हिसा वाढावा, हे बहुतांशी तेच ठरवतात. मराठीत या विषयावरची सध्याची चर्चा 'ट्रम्प यांनी कोणाला काढलं' इथे सुरू होते आणि तिथेच संपते, म्हणून हा धागा. अधिकाऱ्याला काढता आलं म्हणजे तो लोकांना जबाबदार झाला, ही समजूत त्या देशाने जवळपास पन्नास वर्षं वापरून पाहिली आहे. तिचं काय झालं हे मला आधी सांगायचं आहे.

घटनेत खात्यांबद्दल जवळपास काही नाही. १७८९ मध्ये पहिल्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, परराष्ट्र, युद्ध आणि अर्थ ही खाती उभी केली. नेमणूक राष्ट्राध्यक्षाने करायची आणि सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाने, मान्यता द्यायची, एवढं घटनेत होतं. काढायचं कोणी, यावर घटना गप्प. तो अधिकार राष्ट्राध्यक्षाचाच असला पाहिजे, अशी बाजू प्रतिनिधीगृहातल्या जेम्स मॅडिसनने लावून धरली आणि ती टिकली. पण वाद मिटला नाही, आजही मिटलेला नाही.

१८२९ मध्ये अँड्र्यू जॅक्सन राष्ट्राध्यक्ष म्हणून आला. सरकारी कामं साधी असतात, कोणताही समंजस माणूस ती शिकू शकतो, तेव्हा माणसं बदलत राहावीत, असं त्याचं म्हणणं. यामागे एक खरा लोकशाही विचार होता, तो नाकारू नये. पदं ही मोजक्या घराण्यांची मिरासदारी होऊ नये, हे त्याला हवं होतं. पण त्यानेच न्यूयॉर्क बंदरावर नेमलेला जकात कलेक्टर सॅम्युअल स्वार्टवाउट १८३८ मध्ये युरोपात निघून गेला, तेव्हा हिशेबात बारा लाख डॉलरहून जास्त तूट निघाली.

ती व्यवस्था समजून घ्यायला न्यूयॉर्कचं कस्टम हाउस पुरेसं आहे. १८७०च्या दशकात आयकर बंद झाला होता, सरकारचं निम्म्याच्या आसपास उत्पन्न जकातीतून यायचं आणि जकातीचा सगळ्यात मोठा वाटा या एका बंदरातून. तिथले कारकून, मालाचं वजन करणारे, तपासनीस पक्षाच्या शिफारशीवर लागायचे आणि पगाराचा ठराविक टक्का पक्षाला द्यायचे. नाही दिला तर नोकरी गेली. शिवाय मालाची किंमत चुकीची दाखवली म्हणून व्यापाऱ्याला दंड झाला की त्यातला हिस्सा अधिकाऱ्यांना मिळायचा, तोही कायद्याने. फेल्प्स डॉज या कंपनीकडून असे २ लाख ७१ हजार डॉलर वसूल केले गेले, बुडालेली जकात मात्र किरकोळ होती. बोभाटा झाला आणि १८७४ मध्ये काँग्रेसने ही हिस्सेवारी बंद केली. तोवर कलेक्टर चेस्टर आर्थरची वर्षाची कमाई राष्ट्राध्यक्षाच्या पगाराच्या बरोबरीची होती.

आता या आर्थरला जाब विचारणारा कोणी नव्हता का? होता. तो न्यूयॉर्कातल्या पक्षाचा म्होरक्या, सिनेटर रॉस्को काँकलिंगला जबाबदार होता आणि ती जबाबदारी त्याने चोख पाळली. त्याच्या हाताखालचा प्रत्येक माणूस त्याला जबाबदार होता. काढून टाकण्याची भीती वरपासून खालपर्यंत पोचलेली होती. ती फक्त पक्षाच्या कामी येत होती, व्यापाऱ्याच्या किंवा नागरिकाच्या नाही.

राष्ट्राध्यक्ष हेजने १८७८ मध्ये आर्थरला काढलं. पुढे तोच उपराष्ट्राध्यक्ष झाला. २ जुलै १८८१ रोजी चार्ल्स गितो या माणसाने राष्ट्राध्यक्ष गारफील्डवर गोळ्या झाडल्या. पक्षासाठी भाषणं केल्याबद्दल आपल्याला पॅरिसमधली वकिलातीची जागा मिळायला हवी होती, असं त्याच्या डोक्यात होतं. सप्टेंबरमध्ये गारफील्ड गेला, आर्थर राष्ट्राध्यक्ष झाला आणि १६ जानेवारी १८८३ रोजी पेंडलटन कायद्यावर सही आर्थरनेच केली. स्पर्धापरीक्षेने भरती आणि पक्षनिधीच्या सक्तीला बंदी. सुरुवातीला जेमतेम दहा टक्के जागा या कायद्याखाली आल्या. राष्ट्राध्यक्षाला आदेश काढून आणखी जागा त्यात घालता येत होत्या. जाता जाता प्रत्येक जण आपण नेमलेल्या माणसांना असं संरक्षण देऊन जायचा, आणि त्यातूनच कायद्याची व्याप्ती वाढत गेली.

त्यानंतर सरकारचं कामच बदललं. १८८७ मध्ये रेल्वेच्या भाड्यावर लक्ष ठेवायला आंतरराज्य वाणिज्य आयोग आला, १९१४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन, आणि १९३०च्या दशकात रूझवेल्टच्या काळात शेअरबाजार, कामगार संघटना, वृद्धांचं पेन्शन अशा सगळ्यांसाठी एकेक संस्था. या संस्था नियम करायच्या, ते लागू करायच्या आणि त्यांवरचे तंटेही सोडवायच्या. तिन्ही कामं एकाच छपराखाली. याविरुद्ध मोठी ओरड झाली. १९४० मध्ये काँग्रेसने त्यांना जखडणारं एक विधेयक मंजूर केलं, रूझवेल्टने ते नाकारलं. शेवटी १९४६ मध्ये तडजोड झाली. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसिजर ॲक्ट असं त्या कायद्याचं नाव.

माझ्या मते अमेरिकी नोकरशाहीला खरा लगाम या कायद्याने घातला. नियम करायचा असेल तर मसुदा फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात छापा, लोकांच्या हरकती घ्या, महत्त्वाच्या हरकतींना लेखी उत्तर द्या, मग अंतिम नियम काढा. निर्णय मनमानी वाटला तर कोर्ट तो रद्द करू शकतं. कोर्ट पाहतं ते कारण, आणि तेही निर्णय घेताना नोंदलेलं. नंतर वकिलाने शोधून काढलेलं चालत नाही. अधिकारी कोणी नेमला आणि त्याला कोण काढू शकतं यापेक्षा त्याला कारण लिहावं लागतं का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तुमची मतं वाचायला आवडतील. विरोधी असली तर जास्तच.

अबोली

कृष्णाकाठ, कस्टम हाउसचा भाग फार आवडला. १९४६च्या कायद्याचा एक अनुभव आमच्या घरातच आहे.

इथे अमेरिकेत विज्ञान-तंत्रज्ञानात पदवी घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना वर्षभर काम करता येतं. २००८ मध्ये गृहसुरक्षा खात्याने त्यात १७ महिने वाढवले, पण 'तातडी आहे' असं सांगून, हरकती न मागवताच. तंत्रज्ञान क्षेत्रातल्या अमेरिकी कामगारांची संघटना कोर्टात गेली. ऑगस्ट २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. मुदतवाढ द्यायचा अधिकार खात्याला आहे, पण तातडीचं कारण पटण्यासारखं नव्हतं, तेव्हा रीतसर प्रक्रिया करायलाच हवी होती, असं न्यायाधीश म्हणाल्या. एकदम हजारो मुलांची अडचण होईल म्हणून निकालाची अंमलबजावणी काही महिने थांबवली.

माझा धाकटा भाऊ पुण्याहून येऊन तेव्हा याच मुदतीवर नोकरी करत होता. ते महिने कसे गेले ते आम्हालाच ठाऊक. खात्याने नवा मसुदा छापला, हजारोंनी हरकती आणि सूचना आल्या, बाजूच्या आणि विरोधातल्याही. मीही लिहिलं. मे २०१६ पासून नवा नियम लागू झाला आणि मुदतवाढ १७ची २४ महिने झाली, पण मालकांवर प्रशिक्षणाचा लेखी आराखडा देण्याचं बंधन आलं. अंतिम नियमाच्या आधी खात्याने दिलेलं स्पष्टीकरण मी सगळं वाचलं. माझं नाव त्यात कुठे नव्हतं, असायचं कारणही नाही, पण मी मांडलेल्या मुद्द्याला उत्तर होतं.

मुळशीकर

धागा चांगला आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही.

लेखी कारणांचं कौतुक वकिलांना आणि मोठ्या कंपन्यांना. शेकडो पानांचा मसुदा वाचून त्यावर मुद्देसूद हरकत घेणं सामान्य माणसाला जमतं का? अबोलीताईंना जमलं, कारण त्यांच्या घरावर बेतलं होतं आणि त्यांचं शिक्षण तेवढं होतं. एकेक नियम करायला वर्षं जातात. आणि हरकतींचं म्हणाल तर २०१७चं नेट न्यूट्रॅलिटीचं, म्हणजे सगळ्या वेबसाइटना समान वागणूक देण्याच्या नियमाचं, प्रकरण बघा. २ कोटी २० लाखांहून जास्त हरकती आल्या. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या चौकशीत त्यातल्या जवळपास १ कोटी ८० लाख खोट्या निघाल्या. मेलेल्या माणसांच्या नावावरही हरकती होत्या. हा लोकांचा आवाज?

दुसरा मुद्दा मूळचा. लोक मत देतात राष्ट्राध्यक्षाला. त्याच्या हाताखालची माणसं त्याचं ऐकणार नसतील तर मतदाराने कोणाला धरायचं? १९२६ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलं होतं. पोर्टलंडच्या मायर्स नावाच्या पोस्टमास्तरला सिनेटला न विचारता काढलं होतं, कोर्टाने ते योग्य ठरवलं. निकाल लिहिणारे टाफ्ट स्वतः राष्ट्राध्यक्ष राहिलेले, त्यांना खुर्चीवरची अडचण माहीत होती. नऊ वर्षांनी, १९३५ मध्ये, फेडरल ट्रेड कमिशनमधून काढलेल्या हम्फ्रींच्या खटल्यात कोर्टाने स्वतंत्र आयोगांच्या सदस्यांसाठी अपवाद काढला आणि तिथून पुढे कोणालाच न जुमानणाऱ्या संस्थांचं पीक आलं. कस्टम हाउसचा प्रश्न होता तो काढण्याचा अधिकार सिनेटरच्या मुठीत गेल्यामुळे. राष्ट्राध्यक्ष हेजने तोच अधिकार वापरून आर्थरला घालवलं, हे तुम्हीच लिहिलं आहे.

दर्यावर्दी

मुळशीकर, राष्ट्राध्यक्षाचं ऐकण्याबद्दल दोन माणसांची उदाहरणं देतो.

डॉ. फ्रान्सिस केल्सी १९६० मध्ये अन्न व औषध प्रशासनात रुजू झाल्या. हातात आलेल्या पहिल्या-पहिल्या अर्जांपैकी एक थॅलिडोमाइडचा. युरोपात हे झोपेचं औषध सर्रास विकलं जात होतं. तेव्हाच्या कायद्यात ६० दिवसांत हरकत घेतली नाही तर औषध आपोआप मंजूर व्हायचं. केल्सी दर वेळी सांगायच्या की माहिती अपुरी आहे, आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. कंपनीने वरिष्ठांकडे तक्रारी केल्या, दबाव आणला. वरिष्ठ त्यांच्या पाठीशी राहिले. १९६१ संपता संपता हातापायांत व्यंग घेऊन जन्मलेल्या बाळांच्या बातम्या युरोपातून आल्या. १९६२ मध्ये केनेडींनी केल्सींचा गौरव केला आणि त्याच वर्षी कायदा बदलला. औषध गुणकारी असल्याचा पुरावा देणं तेव्हापासून बंधनकारक झालं. निवडून आलेल्या कोणीही केल्सींना ते औषध अडवायला सांगितलं नव्हतं.

दुसरे अर्नेस्ट फिट्झजेराल्ड, हवाई दलात खर्चाचा हिशेब बघणारे. सी-५ए मालवाहू विमानाचा खर्च दोनेक अब्ज डॉलरने वाढणार आहे, हे त्यांनी नोव्हेंबर १९६८ मध्ये सिनेटर प्रॉक्समायर यांच्या समितीपुढे शपथेवर खरं सांगितलं. पुढे खात्याची पुनर्रचना झाल्याचं सांगून त्यांची जागाच रद्द केली. ते लढत राहिले. १९७३ मध्ये सिव्हिल सर्व्हिस कमिशनने त्यांना परत घ्यायला लावलं, पण मूळच्या तोडीचं काम मिळायला आणखी कितीतरी वर्षं गेली. त्यांनी निक्सनवरही नुकसानभरपाईचा दावा लावला होता. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की पदावर असताना केलेल्या सरकारी कामाबद्दल राष्ट्राध्यक्षावर असा दावा चालत नाही.

या दोघांत मला तिसरा मालक दिसतो, तो म्हणजे काँग्रेस. खर्चाला मंजुरी तिची, चौकशी समित्या तिच्या, आणि १९२१ पासून हिशेब तपासणारं जीएओ हे कार्यालयही तिचंच. त्याचा प्रमुख १५ वर्षांसाठी असतो आणि राष्ट्राध्यक्ष त्याला काढू शकत नाही. फिट्झजेराल्ड गप्प बसले असते तर जास्तीचे ते अब्जावधी डॉलर मतदाराला कोणी दाखवले असते?

पिंपळपान

सर्वांचे प्रतिसाद वाचतोय. दोन जोडण्या देतो, दोन्ही आपल्याकडे पोचतात.

पेंडलटन कायद्याचा मसुदा ज्याने लिहिला तो डॉर्मन ईटन त्याआधी राष्ट्राध्यक्ष हेजच्या सांगण्यावरून ब्रिटिश नोकरशाहीचा अभ्यास करून आला होता. आणि ब्रिटिशांनी खुली स्पर्धापरीक्षा आधी भारतासाठीच घेतली. १८५३च्या चार्टर कायद्याने कंपनीच्या संचालकांचा नेमणुकीचा हक्क काढला आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली परीक्षा झाली. मायदेशातल्या बहुतेक खात्यांत खुली स्पर्धा आली १८७० मध्ये.

पण अमेरिकेने ती जशीच्या तशी उचलली नाही. परीक्षा कामाशी संबंधित विषयांची हवी, असा आग्रह धरला गेला. आणि भरती फक्त खालच्या पायरीवर करावी ही मूळ मसुद्यातली अट सिनेटने काढून टाकली. त्यामुळे आपल्या आयएएससारखा केडर तिथे उभा राहिला नाही. माणूस विशिष्ट जागेसाठी लागतो, मधल्या पायरीवरही लागतो. आपल्याकडे खात्याचा सचिव सहसा सेवेतलाच असतो. तिथे वरच्या तीन-चार पायऱ्या राष्ट्राध्यक्षाबरोबर बदलतात. तेव्हा मुळशीकर म्हणतात तसा राष्ट्राध्यक्ष अगदी हतबल नसतो.

दुसरी जोडणी जगदीश राय चढ्ढा यांची. केनियात जन्मलेले, भारतीय वंशाचे. अमेरिकेत शिकायला आले, व्हिसा संपला, परत जायला देश उरला नाही. १९७४ मध्ये इमिग्रेशन न्यायाधीशाने त्यांची हकालपट्टी थांबवली. पण तेव्हा काँग्रेसच्या एकाच सभागृहाला असा निर्णय फिरवता येत होता. डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधीगृहाने ३४० जणांच्या यादीतून सहा नावं काढून त्यांना घालवायचं ठरवलं. चर्चा नाही, मतांची नोंद नाही. त्या सहांत चढ्ढा होते. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा अधिकारच घटनाबाह्य ठरवला. काँग्रेसने प्रशासनावर ठेवलेला सगळ्यात सोपा लगाम एका विद्यार्थ्याच्या खटल्यात गेला, आणि मला तो निकाल योग्य वाटतो. दर्यावर्दी, काँग्रेसची देखरेख हवी, पण तिलाही कोणीतरी विचारायला हवं.

कृष्णाकाठ

पिंपळपान, चढ्ढांच्या खटल्याचे हे तपशील दिल्याबद्दल आभार. विनाचर्चा, विनाकारण घेतलेला निर्णय किती घातक असतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं.

मुळशीकर, वेळ लागतो हे खरं आहे आणि तो त्रास खराच आहे. पण निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाचे हात बांधले जातात हे मला पटत नाही. रेगन निवडून आल्यावर त्यांच्या सरकारने मोटारींत एअरबॅग किंवा आपोआप लागणारे पट्टे बसवण्याचा नियम रद्द केला. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, धोरण बदला, सरकार बदलल्यावर ते बदलणारच, पण निव्वळ एअरबॅगचा पर्याय का नको याचा विचारच तुम्ही केलेला दिसत नाही. पुढच्याच वर्षी खात्याने नवा नियम आणला. २०१९ मध्ये जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्न घालायचा होता. मतदान हक्क कायद्याच्या अंमलबजावणीसाठी तो हवा, असं कारण दिलं. कागदपत्रांवरून ते कारण नंतर जुळवलेलं दिसलं आणि प्रश्न अडला. २०२० मध्ये लहानपणी आलेल्या बेकायदा स्थलांतरितांचं संरक्षण काढण्याचा निर्णय पुरेसा विचार न केल्याच्या मुद्द्यावर पडला. तिन्ही वेळा अधिकार नाही असं कोर्टाने म्हटलं नाही. खरं आणि पुरेसं कारण द्या, एवढंच म्हटलं. ज्याला मतदाराने निवडलं त्याने मतदाराला खरं कारण सांगावं, यात लोकशाहीला अडथळा कुठे येतो?

सांजवेळ

कृष्णाकाठ यांच्या मूळ मुद्द्यालाच धक्का देणारी एक गोष्ट लिहिते.

निक्सनच्या वॉटरगेट घोटाळ्यानंतर, १९७८ मध्ये, खात्याखात्यांत महानिरीक्षक नेमले गेले. खात्याच्या आतच बसून गैरव्यवहार शोधायचा आणि काँग्रेसलाही अहवाल द्यायचा. राष्ट्राध्यक्ष त्यांना काढू शकतो, पण ३० दिवस आधी काँग्रेसला लेखी कळवून. २०२२ मध्ये तरतूद आणखी कडक केली, नुसतं 'विश्वास उरला नाही' चालणार नाही, नेमकी कारणं द्या. म्हणजे तुम्ही म्हणता तेच, कायद्यात लिहिलेलं. जानेवारी २०२५ मध्ये सतराच्या आसपास महानिरीक्षकांना एका रात्रीत ईमेल पाठवून काढलं. आगाऊ सूचना नाही, नेमकी कारणं नाहीत. सप्टेंबरमध्ये न्यायाधीशांनी हे बेकायदा असल्याचं म्हटलं, आणि तरीही कोणालाच परत रुजू केलं नाही. राष्ट्राध्यक्ष ३० दिवसांची नोटीस देऊन त्यांना पुन्हा काढू शकतोच, असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे कारण न देण्याची किंमत कोणी मोजली? तिकडे २०२५ मध्ये हम्फ्रीचा निकालही पणाला लागला. मार्च २०२५ मध्ये त्याच फेडरल ट्रेड कमिशनच्या सदस्य रिबेका स्लॉटर यांना काढलं, आणि डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टात त्यावर सुनावणी झाली. कारण मागणाऱ्याला स्वतःची खुर्ची टिकेल याची खात्री नसेल तर तो कारण मागेल का? केल्सींचे वरिष्ठ पाठीशी राहिले, कारण त्यांची नोकरी औषध कंपनीच्या मर्जीवर नव्हती. मला काढण्यापासूनचं संरक्षण आणि लेखी कारण या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत.

मुळशीकर

सांजवेळ, ज्यांना काढता येत नाही त्यांनी चुकीचं केलं तर काय, हा माझा प्रश्न तरी उरतोच. पण महानिरीक्षकांच्या बाबतीत तुमच्याशी सहमत. कायदा होता, तो पाळायला हवा होता. आवडला नसेल तर काँग्रेसकडून बदलून घ्यायचा.

२०२४चा लोपर ब्राइट निकालही यात यायला हवा. माशांच्या बोटीवर सरकारी निरीक्षक बसवायचा आणि त्याचा खर्च मच्छीमारांनी करायचा, असा नियम होता. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. १९८४ पासून कोर्टं म्हणायची, कायदा संदिग्ध असेल तर खात्याने लावलेला वाजवी अर्थ मानू. चाळीस वर्षांनी सुप्रीम कोर्टाने ते थांबवलं, अर्थ कोर्टच लावेल म्हणालं. मच्छीमारांच्या बाजूने विचार केला तर मला ते बरोबर वाटतं.

दर्यावर्दी

मच्छीमारांबद्दल सहमत. पण औषधाच्या चाचणीत किंवा हवेतल्या किती कणांना धोकादायक म्हणायचं यात कायद्याचे शब्द नेहमीच अपुरे पडणार. तिथे न्यायाधीश केल्सींपेक्षा नीट ठरवतील असं मला वाटत नाही.

अबोली

मुळशीकर काका, सामान्य माणसाला जमत नाही म्हणालात म्हणून सांगते. रेग्युलेशन्स डॉट गव्ह या साइटवर नियमाचा क्रमांक टाकला की मसुदा आणि हरकतीची चौकट दिसते. अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही, सांगलीहूनही लिहिता येतं. संघटनांनी दिलेला साचेबद्ध मजकूर चिकटवू नका, सारख्या हरकती एकत्र बांधून एकच उत्तर दिलं जातं. सगळा मसुदा वाचायची गरज नाही. तुम्हाला लागू होणारं कलम शोधायचं, त्याचा क्रमांक द्यायचा, त्यामुळे प्रत्यक्ष काय होईल ते आकड्यानिशी लिहायचं आणि त्याऐवजी काय करता येईल ते सुचवायचं. मुदत बहुतेक वेळा ३० किंवा ६० दिवसांची असते. कोणाला मसुदा समजून घ्यायला मदत हवी असेल तर इथेच विचारा, मला जमेल तेवढी करेन.